गाडीचं पाणी कुठं जातं? जुन्या गाडीचं कूलंट तपासणं, गळती शोधणं आणि घरच्या घरी बदलणं

आमच्या घरी फियाट होती, म्हणजे कागदावर प्रीमियर पद्मिनी, तेव्हा डिकीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन स्टेपनीइतकाच हक्काने बसलेला असायचा. घाट लागला की बाबा तापमानाच्या काट्याकडे बघायचे आणि आई बाबांकडे. अर्ध्या चढावर गाडी कडेला, चाकामागे दगड, बॉनेट वर, आणि आम्ही भावंडं कॅन धरून उभी. रेडिएटरात पाणी घालतात हे तेव्हापासून डोक्यात इतकं पक्कं बसलं, की पुढे माझी स्वतःची सेकंडहँड मारुती आठशे आली तेव्हाही मी तेच करत राहिलो. दर पंधरा दिवसांनी रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतली पातळी उतरायची, मी बोअरचं पाणी ओतायचो. गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "जुनी गाडी आहे दादा, एवढं पाणी पिणारच."

सव्वा वर्षाने पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर गाडी उकळली. हेड, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवरचं धातूचं झाकण, उघडावं लागलं, फेसिंग करून सपाट करावं लागलं, दोन्हींमधली गास्केट नवी घालावी लागली. उघडलेल्या पाण्याच्या वाटांमध्ये बोट फिरवलं तर गिझरच्या कॉइलवर साचतो तसा पिवळट, खरखरीत क्षार. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी तापलं की उघडणाऱ्या झडपेच्या, घरात थर्मोस्टॅटच नव्हता, आधीच्या कुणीतरी काढून टाकला होता. आणि पाणी जात होतं पंपातून. थेंब थेंब, गरम ब्लॉकवर पडून तिथंच वाळत होतं, म्हणून जमिनीवर कधी डाग दिसला नाही.

गाडी पाणी पीत नाही. पेट्रोल जळतं आणि संपतं, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, मात्र बंद चक्रात फिरतं. बाटलीतून वर्षाकाठी बोटभर उडून गेलं तर ठीक, पण महिन्याला ग्लासभर ओतावं लागत असेल तर ते कुठंतरी जातंय. जुन्या गाडीच्या कूलंटची सगळी देखभाल या एका प्रश्नाभोवती फिरते. ओतत राहणं म्हणजे तो प्रश्न पुढं ढकलणं.

आत काय फिरतं आणि का

पेट्रोल जळून निघणाऱ्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा कूलंटला वाहून न्यावा लागतो. पंप ते इंजिनाच्या ब्लॉकमधून आणि हेडमधून फिरवतो, तापलं की थर्मोस्टॅट उघडतो, मग ते वरच्या होस पाइपातून रेडिएटरात येतं, बारीक नळ्यांतून खाली उतरताना थंड होतं आणि खालच्या होसमधून परत इंजिनात जातं. हीटर असेल तर एक फाटा डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरातून जाऊन येतो.

कूलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, पाणी, आणि थोड्या प्रमाणात गंजरोधक रसायनं. अनेकांना आश्चर्य वाटतं, पण उष्णता वाहून न्यायला नुसतं पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. मग ग्लायकॉल कशाला? एक म्हणजे उत्कलनबिंदू वाढतो. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. गोठायला त्याला उणे ३५ अंशांच्या आसपास जावं लागतं, पण ते लेह-लडाखला निघालेल्यांच्या कामाचं. "अँटीफ्रीझ" या नावानेच आपल्याकडे घोटाळा केला. आपल्याकडे कुठं बर्फ पडतो, असं म्हणून दोन पिढ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. खरं काम ती गंजरोधक रसायनं करतात. इंजिनात बीड, ॲल्युमिनियम, स्टील, जुन्या रेडिएटरात तांबं-पितळ आणि सोल्डरिंगचा डाग दिलेलं शिसं-कथील, एवढे धातू एकाच पाण्यात भिजत असतात. नुसतं पाणी असलं की त्यांची आपसात झीज सुरू होते. ॲल्युमिनियमचं हेड आतून खवलं जातं, पंपाचा पंखा झिजतो, ब्लॉकच्या पत्र्याच्या बुचाला, म्हणजे कोअर प्लगला, भोक पडतं. हे व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तोवर पाणी ओतणाऱ्याला वाटत राहतं की आपलं छान चाललंय.

दुसरं अंग दाबाचं. रेडिएटरचं टोपण म्हणजे कुकरची शिट्टी. बहुतेक छोट्या गाड्यांच्या टोपणावर ०.९ असा आकडा असतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा तेवढा बार वाढेपर्यंत ते वाफ कोंडून धरतं. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. उलट महाबळेश्वरात उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. टोपणाचं रबर गेलं असेल तर घाट चढून वर गेल्यावर तुमचं इंजिन म्हणजे तेच उघडं पातेलं.

टोपणात दोन झडपा असतात, दाब सोडणारी आणि गाडी थंड झाल्यावर बाटलीतलं कूलंट परत आत ओढून घेणारी छोटी. ही छोटी झडप अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो. थंड गाडीचा वरचा होस चपटा, आत ओढला गेल्यासारखा दिसला तर संशय या झडपेवर घ्या. नवं टोपण दोन माणसांच्या मिसळीच्या पैशात येतं. जुनी गाडी घेतली की मी पहिली खरेदी त्याचीच करतो. आकडा मात्र पुस्तिकेत लिहिलाय तोच. "जास्त दाबाचं बसवू, कमी तापेल" हा सल्ला ऐकू नका, जुने होस आणि रेडिएटरचे जोड तो दाब सोसत नाहीत.

दुकानात गेल्यावर

रंगावरून कूलंट घेऊ नका. हिरवं, लाल, निळं, गुलाबी, सगळा रंग वरून घातलेला असतो आणि प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने घालते. बघायचं ते डब्याच्या मागे. जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यांपैकी एखादं मानक लिहिलेलं असावं. शिवाय कोणत्या प्रकारची गंजरोधकं आहेत आणि किती वर्षं टिकतात तेही.

प्रकार ढोबळमानाने दोन. जुन्या धाटणीचं, सिलिकेट-फॉस्फेटवालं कूलंट पटकन संरक्षक थर देतं पण साधारण दोन वर्षांत थकतं. दुसरं सेंद्रिय आम्लांवर चालणारं, ते पाच वर्षांपर्यंत टिकतं. दोन्हींचं मिश्रण असलेली संकरित कूलंटंही येतात. पुस्तिकेत एखादा प्रकार सांगितला असेल तर वाद नको, तोच घ्या. पुस्तिका हरवली असेल तर माझा ठोकताळा असा: तांब्या-पितळेचा, डाग दिलेला रेडिएटर असेल तर जुन्या धाटणीचं, ॲल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाक्यांचा असेल तर सेंद्रिय चालेल. दोन प्रकार एकमेकांत ओतू नका. नेहमीच गाळ होतो असं नाही, पण कधी कधी जेलीसारखं काहीतरी तयार होतं, आणि तसं नाही झालं तरी पाच वर्षांच्या मालाचं आयुष्य दोन वर्षांच्या मालाइतकंच उरतं.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. काही डब्यांत तयार मिश्रण असतं, थेट ओतायचं. काहींत नुसता अर्क, पाणी मिसळूनच वापरायचा. दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि दिसायला भावंडं. तयार मालात पाणी घातलं तर तो पातळ होतो, अर्क तसाच ओतला तर इंजिन जास्त तापतं. शुद्ध ग्लायकॉल उष्णताही कमी वाहतं आणि गोठायलाही उणे १३ अंशांनाच लागतं, म्हणजे मिश्रणापेक्षा दोन्ही बाजूंनी वाईट. प्रमाण निम्मं-निम्मं ठेवलं की डोक्याला ताप नाही. आपल्या हवेत तिसरा हिस्सा अर्क असला तरी भागतं, पण त्याखाली गेलात तर गंजरोधकं पुरी पडत नाहीत.

पाणी डिस्टिल्ड, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते. पेट्रोल पंपावरही मिळतं. घेताना लेबल वाचा, शेजारच्या कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिड असू शकतं. बोअरचं पाणी नको, नळाचं नको. ज्या गावात सोलरच्या पाइपात वर्षभरात क्षार धरतो तिथं तर मुळीच नको. आरओचं पाणी नळापेक्षा बरं, पण त्यातही क्षार उरतातच.

सकाळची दहा मिनिटं

तपासणी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करायची, सकाळी चावी फिरवण्याआधी. गरम गाडीचं टोपण उघडायचं नाही. दाबाखालचं पाणी टोपण सैल होताक्षणी वाफ होऊन उसळतं आणि तोंडाकडे येतं. भाजलेले हात मी पाहिलेत.

आधी बाटली. पातळी दोन रेघांच्या मधे हवी. मग रेडिएटरचं टोपण उघडा. कूलंट गळ्यापर्यंत हवं. बाटली भरलेली आणि रेडिएटर दोन बोटं रिकामा असेल तर टोपण, किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी फाटलेली. ज्या गाड्यांना रेडिएटरवर टोपणच नसतं त्यांच्यात बाटलीच दाबाखाली असते, तिथं तिचीच पातळी खरी.

आता टॉर्च मारून आत बघा. स्वच्छ, पारदर्शक रंग असेल तर उत्तम. गेरूसारखं तांबूस असेल तर बीड गंजतंय, म्हणजे गंजरोधकं संपलीत. वर तेलाचा तवंग असेल तर सावध. दुधाच्या चहासारखा गढूळ गाळ असेल तर ऑइल आणि पाणी कुठंतरी एकत्र येतंय, गाडी त्या दिवशी बाहेर काढू नका. टोपणाच्या खालच्या बाजूला बोट फिरवा. चिकट चिखल हाताला लागला तर नुसतं बदलून भागणार नाही, धुवावं लागेल.

डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी, तीही ओढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर हेड गास्केटचा संशय. पण ऑइल भरायच्या झाकणाखाली पावसाळ्यात थोडी साय धरलेली दिसते, विशेषतः रोज दोन किलोमीटर जाणाऱ्या गाडीत. ती बाष्पाची असू शकते. डिपस्टिक स्वच्छ असेल तर लगेच हेड उघडायला घेऊ नका. एक लांब चक्कर मारून या, पुन्हा बघा.

होस दाबून बघा. चांगला होस घट्ट आणि लवचिक लागतो. दाबल्यावर आतून कुरकुर आवाज आला, किंवा टोकाशी क्लिपच्या अलीकडे फुगवटा दिसला, की त्याचे दिवस भरले. होस नेहमी टोकाशी फाटतो.

गळतीचा माग

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा, इंजिनाच्या पूर्ण रुंदीचा. सकाळी डाग कुठं पडला त्यावरून वर बघत जायचं. एसी लावून आलेल्या गाडीतून स्वच्छ पाणी ठिबकतं, ते निरुपद्रवी. कूलंटचा डाग रंगीत, बोटाला किंचित बुळबुळीत आणि वासाला गोडसर. वास घ्या, चव कधीही घेऊ नका.

पुठ्ठा कोरडा असेल तर माझ्यासारखी केस. गरम भागावर वाळून जाणारं कूलंट मागे पांढरट किंवा हिरवट पावडरीचा ओघळ ठेवून जातं. आरशाचा तुकडा आणि टॉर्च घेऊन होसच्या क्लिपा, रेडिएटरच्या टाकीचे जोड, थर्मोस्टॅटच्या घराची कड आणि पंपाचा खालचा भाग तपासा. पंपाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगकडे जाण्याआधी त्यातून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाखाली ओघळ दिसला की पंप बदला. ते भोक एम-सीलने बुजवलेलं मी स्वतः पाहिलंय. बुजवणाऱ्याने आठवडाभराची गळती वाचवली आणि बेअरिंग घालवलं.

पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं, काचेवर आतून तेलकट धुकं, आणि गाडीत गोडसर वास असेल तर हीटरचा कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा तो छोटा रेडिएटर, गळतोय.

कुठंच काही दिसत नाही आणि पातळी उतरतेच आहे, तेव्हा मात्र हेड गास्केटकडे वळावं लागतं. थंड गाडीचं टोपण काढा, गळ्यापर्यंत भरा, चालू करा आणि लगेच बघा. सुरुवातीला एखाददुसरा बुडबुडा येईल. पण सोड्याच्या बाटलीसारखे सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. थंड इंजिन चालू केल्यावर दोन मिनिटांत, गाडी तापायच्या आधीच, वरचा होस दगडासारखा कडक झाला तर तीच खूण. गाडी तापल्यावरही सायलेन्सरचा पांढरा धूर थांबत नसेल तर ती दुसरी.

गळतीवर हळद टाकायची जुनी युक्ती ट्रकवाल्यांकडून आलीय. चालते, हे मान्य करतो. हळद भोकाशी जाऊन बसते आणि ओघळ थांबतो. पण ती फक्त भोकाशीच जाऊन बसेल असं तिला कुणी सांगितलेलं नसतं. रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि हीटरचा कोअर यांतही ती तितक्याच निष्ठेने बसते. दुकानातली गळती थांबवायची बाटलीही याच जातीची. रानात अडकलात तर घरी पोचायला वापरा, आणि त्याच आठवड्यात धुऊन काढा.

थर्मोस्टॅट आणि पंखा

"आपल्याकडे थंडी कुठं, काढून टाका थर्मोस्टॅट." हे वाक्य ऐकलं नसेल असा जुन्या गाडीचा मालक विरळा. थर्मोस्टॅट गाडी तापवायला नसतो, नेमक्या तापमानावर ठेवायला असतो. बहुतेक जुन्या गाड्यांत तो ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. तो नसला तर इंजिन सदा कोमट चालतं, ऑइलमधलं बाष्प उडत नाही, पेट्रोल जास्त जातं, सिलिंडर लवकर झिजतात. वर काही इंजिनांत त्याच्या जागी भोक उघडं राहिल्याने पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनातच फिरतं, म्हणजे ज्या कारणासाठी काढला तेच घडतं. काढणाऱ्यांचं बरोबर एवढंच, की बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट गाडी उकळवतो. त्यावर उपाय नवा थर्मोस्टॅट.

तपासायचा असेल तर थंड गाडी चालू करून वरच्या होसला हात लावून उभे राहा, पंखा आणि पट्ट्यापासून बाही-ओढणी लांब ठेवून. बराच वेळ होस थंडच राहील, मग अचानक गरम होईल. तो क्षण म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. चालू केल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडाच अडकलाय. काढून तपासायचा तर दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबता सोडा, पाणी तापवा, शेजारी थर्मामीटर धरा, कितीला उघडतो ते बघा. पातेलं भंगारातलं घ्या, त्याला पुन्हा स्वयंपाकघरात प्रवेश नाही.

होस गरम झाल्यावर गाडी तशीच उभी चालू ठेवा. काटा मध्याच्या आसपास गेला की विजेचा पंखा लागला पाहिजे, आणि थोड्या वेळाने आपोआप बंद झाला पाहिजे. लागत नसेल तर फ्यूज, रिले, सेन्सर, मोटर या क्रमाने बघा. चावी लावली की पंखा सतत फिरतच असेल तर कुणीतरी तो "डायरेक्ट" करून, म्हणजे सेन्सर वगळून जोडून, ठेवलाय. गाडी विकत घेताना हे दिसलं तर किंमत पाडा, कारण तापण्याचं मूळ कारण तसंच आत आहे.

रेडिएटरच्या बाहेरच्या पापुद्र्यांकडेही बघा. ऊस तोडणीच्या हंगामात ट्रॉल्यांमागून गाडी चालवलीत तर पाचटाचा भुसा आणि किडे एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत नमद्यासारखे बसतात. समोरून काहीच दिसत नाही. साध्या नळाच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूने पुढे धुवा. सर्व्हिसिंगवाल्यांची प्रेशर गन जवळून मारली की पापुद्रे आडवे होतात, मग हवाच जात नाही.

बदलताना

अर्धा दिवस मोकळा ठेवा. लागेल ते असं: पसरट टब, खुणा असलेला मापाचा डबा, पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर, अर्क, आठ-दहा लिटर डिस्टिल्ड पाणी, धुण्यासाठी साधं पाणी आणि एक-दोन नव्या क्लिपा. कुत्री-मांजरं आणि लहान मुलं आसपास नकोत. इथिलीन ग्लायकॉल विष आहे, आणि चवीला गोड असल्यामुळे जास्त घातक. जमिनीवर सांडलेलं मांजराने चाटलं तरी त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. ते पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही. चुकून कुणाच्या पोटात गेलं तर लक्षणांची वाट न बघता हॉस्पिटल, आणि डबा बरोबर न्यायचा.

गाडी पूर्ण थंड. हीटरची कळ पूर्ण गरमवर, म्हणजे त्याची वाटही मोकळी होईल. टोपण काढा, खाली टब लावा, रेडिएटरचा खालचा ड्रेन प्लग सोडा. जुन्या गाडीत तो प्लास्टिकचा आणि जाम असेल तर ताकद लावू नका, तुटतो. त्याऐवजी खालच्या होसची क्लिप सैल करून होस ओढा. चिकटला असेल तर पिळून फिरवा. स्क्रूड्रायव्हर घुसवलात तर प्लास्टिकची नळी फुटेल.

निघालेलं मोजा. गाडीची क्षमता पुस्तिकेत असते, छोट्या गाड्यांत साधारण साडेतीन ते पाच लिटर. चार लिटरच्या गाडीतून अडीचच निघालं तर दीड लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये अजून आहे. हा हिशोब पुढे लागणार आहे.

प्लग लावा, साधं पाणी भरा, पंखा एकदा लागेपर्यंत गाडी चालू ठेवा, बंद करा, थंड होऊ द्या, सोडा. घाई करून गरम इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. निघणारं पाणी नितळ होईपर्यंत हे पुन्हा. माझ्या आठशेला पाच वेळा लागलं होतं, पहिली तीन पाणी तर उसाच्या काकवीसारखी होती. शेवटची फेरी डिस्टिल्ड पाण्याची. गंज खाणारी रसायनं मिळतात, पण वीस वर्षं जुन्या रेडिएटरात जपून. कित्येकदा तो क्षारच भोकं बुजवून बसलेला असतो, आणि तो निघाला की दुसऱ्या दिवसापासून रेडिएटर चाळणीसारखा गळतो. आतून खूपच धरलं असेल तर रेडिएटर काढून रेडिएटरवाल्याकडे नेणं शहाणपणाचं. पितळेचा असेल तर तो टाकी उघडून नळ्यांतून पट्टी फिरवून देतो.

भरताना तो हिशोब. ब्लॉकमध्ये दीड लिटर नुसतं पाणी राहिलंय. आता तयार मिश्रण ओतलंत तर ते पातळ होणार. म्हणून धुतलेल्या गाडीत अर्कच वापरा: क्षमता चार लिटर असेल तर आधी दोन लिटर अर्क, मग वरून डिस्टिल्ड पाणी गळ्यापर्यंत. फिरून सगळं निम्मं-निम्मं होतं. सावकाश, धार बारीक ठेवून ओता.

मग हवा काढणं. शक्य असेल तर गाडीचं तोंड चढाला, म्हणजे रेडिएटरचा गळा सगळ्यात वर येईल. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा. टोपण उघडं ठेवून गाडी चालू करा, हीटर गरमवरच, आणि अधूनमधून वरचा होस जाड कापडातून दाबा. गुडगुड करत बुडबुडे येतील, पातळी एकदम खाली जाईल, भरत राहा. थर्मोस्टॅट उघडल्यावर एक मोठा ढेकर येतो, तोंड बाजूला ठेवा. पंखा लागून बंद होईपर्यंत आणि हीटरमधून एकसारखी गरम हवा येईपर्यंत हे चालू. हीटर गार आणि काटा वर, याचा अर्थ आत हवा अडकलीय. शेवटी टोपण घट्ट, बाटली वरच्या रेघेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टोपण उघडून बघा, थोडं उतरलेलं असेलच. आठवडाभर रोज बघा. नंतर पातळी हलायची थांबली पाहिजे. चिकटपट्टीवर तारीख, किलोमीटर आणि कूलंटचा प्रकार लिहून बॉनेटच्या आत चिकटवा, पुढच्या वेळी कुठलं घातलं होतं ते आठवत नाही. कूलंटमधलं ग्लायकॉलचं प्रमाण मोजायला हातात धरायचं रिफ्रॅक्टोमीटर मिळतं. काच पुसून एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं. पण ते फक्त प्रमाण सांगतं. गंजरोधकं शिल्लक आहेत का, हे तारीखच सांगते.

काढलेलं कूलंट गटारात, झाडांना किंवा मोरीत नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक "विष" लिहा, आणि जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजात द्या, ऑइलमध्ये न मिसळता.

घाटात काटा चढायला लागला तर

एसी बंद. काचा खाली, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर जोरात. मे महिन्यात ही शिक्षाच, पण तो छोटा रेडिएटर इंजिनाची बरीच उष्णता बाहेर काढतो. वरच्या गिअरमध्ये रखडत चढू नका, गिअर खाली घ्या, पंप जोरात फिरेल. माझ्या आठशेत पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर आहेत. अशा गाडीत बॅटरीचा लाल दिवा आणि काटा एकदम चढले तर पट्टा तुटलाय, लगेच थांबा.

तरीही काटा लालकडे गेला किंवा वाफ दिसली तर कडेला घेऊन इंजिन बंद. वर गेलेला काटा एकाएकी खाली आला आणि हीटरची हवा गार झाली, तर गाडी बरी झालेली नसते. सेन्सरभोवती पाणीच उरलेलं नाही, तो वाफेत किंवा हवेत लोंबतोय. खंबाटकीत मला तो काटा खाली आल्याचं हायसं वाटलं होतं. पुढच्या दोन किलोमीटरांत हेड वाकलं.

बॉनेट उघडा, टोपणाला हात लावू नका, इंजिनावर पाणी मारू नका. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होस दाबून बघा, मऊ लागला तरच पुढे. जाड ओला टॉवेल टोपणावर टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुसफुस थांबू द्या, मगच पूर्ण काढा. गाडी चालू करून थोडं थोडं ओता, गार बाटलीतलं एकदम नाही. अशा वेळी टपरीवरचं बिसलेरीचं पाणीही चालतं, फक्त परत आल्यावर सगळं काढून नीट भरायचं. ओतलेलं खालून धो धो बाहेर येत असेल तर होस किंवा टाकी फुटलीय. होस टोकाशी फाटला असेल तर फाटलेलं टोक कापून पुन्हा क्लिप मारता येते. टाकी फुटली असेल तर टोइंगवाल्याला फोन.

घरी पोचल्यावर दुसऱ्या सकाळी डिपस्टिक बघा, टोपण उघडून बुडबुड्यांची परीक्षा करा आणि पातळीवर खूण करून ठेवा. तीन दिवसांनी ती खूण हललेली दिसली तर पुठ्ठा काढा, टॉर्च घ्या आणि पंपापासून सुरुवात करा.